ईयोबाचे मित्र आणि आनंदीबाईंची मावशी
(अपत्यशोकाच्या साहित्यातील सांत्वनाचा विचार)

अपत्यशोक हा विषय मराठी साहित्याला नवा नाही. ओव्यांपासून आधुनिक कवितेपर्यंत मूल गमावलेल्या आईचा आक्रोश आमच्या भाषेत पुन:पुन्हा उमटलेला आहे. समीक्षकांनी त्या आक्रोशातील करुणरसाचे मोलही केले आहे. परंतु त्या आईजवळ येऊन बसलेले जे दुसरे माणूस असते, त्याच्याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. ते माणूस काय बोलते? त्याच्या बोलण्याने दुःख हलके होते, की अधिकच जड होते? बोलण्यापलीकडे ते आणखी काही करते काय? अपत्यशोकाच्या काही प्रसिद्ध कथा व एक प्रत्यक्ष जीवनकथा या प्रश्नांच्या प्रकाशात वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही, हे वाचकांना सांगावयास नको. वाशिम जिल्ह्यासारख्या भागात आमची कॅथलिक कुटुंबे थोडी आणि दूरदूर विखुरलेली आहेत. अशा कुटुंबात लेकरू गेले, की सांत्वनाला येणाऱ्यांत धर्मग्रामातील माणसे मोजकीच असतात. बाकी सारे शेजारीपाजारी. त्या घरात ठरावीक वाक्ये ऐकू येतात. देवाला चांगलीच फुले लागतात. तुम्ही अजून तरुण आहात, दुसरे होईल. रडू नका, त्याच्या आत्म्याला त्रास होतो. बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. तरीही ही वाक्ये ऐकून आई भिंतीकडे तोंड फिरवून बसते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. असे का होते, याचे उत्तर जुन्या ग्रंथांत सापडते.

आरंभ आमच्याच मातीपासून करू. आमच्या जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तसंप्रदायात त्यांना मोठे स्थान आहे, आणि त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधर यांचा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील असंख्य हिंदू घरांत श्रद्धेने वाचला जातो. आमच्या शेजारघरी त्याचे पारायण चाललेले आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या ग्रंथाच्या विसाव्या व एकविसाव्या अध्यायांत शिरोळ गावच्या एका स्त्रीची कथा आहे. तिची मुले जगत नसत. श्रीगुरूंच्या आशीर्वादाने तिला पुत्र झाले, आणि त्यांतील थोरला बालवयातच दगावला. लोक प्रेत मागू लागले, तेव्हा तिने ते देण्याचे नाकारले. अशा वेळी एक ब्रह्मचारी तेथे येतो. देह नाशवंत आहे, कर्माची गती कोणाला चुकत नाही, जो जन्मला तो जाणारच, असा उपदेश तो तिला करतो.

कथेतील चमत्काराचा भाग हा श्रद्धेचा विषय आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आम्ही पाहतो ते कवीच्या रचनेकडे. हा उपदेश तत्त्वज्ञान म्हणून उणा नाही. शतकानुशतके तो आपल्या देशात सांगितला गेला आहे. पण कवीने त्या आईला तो पटवून घ्यायला लावलेले नाही. ती उलट विचारते, की असेच जर असेल तर गुरूंनी मला वचन तरी कशाला दिले? येथे ब्रह्मचाऱ्याचा युक्तिवाद थांबतो. तो तिला सांगतो, की जेथे वचन मिळाले त्याच ठिकाणी हे बाळ घेऊन जा. म्हणजे उपदेशाने जे झाले नाही, त्यासाठी कवीने वाट दाखवणाऱ्या सोबत्याची भूमिका त्या ब्रह्मचाऱ्याला दिली. हा ब्रह्मचारी म्हणजे प्रत्यक्ष श्रीगुरूच, असे परंपरा मानते. ज्याच्यापाशी तिची तक्रार होती, तोच तिच्या तक्रारीचे बोट धरून तिला पुढे नेतो. शोक करणाऱ्या आईला देवाशी भांडण्याची मोकळीक या ग्रंथाने ठेवली, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकानेही आदराने नोंदवावी अशी आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता उभी आहे. राम गणेश गडकरी यांचा अंत २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या विदर्भातल्याच सावनेर येथे झाला. ‘वाग्वैजयंती’ हा त्यांचा काव्यसंग्रह त्यांच्यामागे १९२१ साली निघाला. या कवितेतील आईचे बाळ गेले आहे आणि भोवतीची माणसे ते तिला समजावू पाहत आहेत. आई मानते, की ते झोपले आहे. पिढ्यान्‌पिढ्या शाळेत ही कविता वाचताना मुलांचे डोळे पाणावले आहेत. परंतु आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. या कवितेतील खरे दैन्य केवळ मृत्यूचे नाही. ते एकाकीपणाचे आहे. भोवती माणसे आहेत, पण ती सारी एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला. त्यांना लवकर बाळ उचलायचे आहे, तिला ते उठवायचे नाही. सत्य माणसांच्या बाजूला आहे आणि तरीही वाचकाचे मन आईकडेच राहते. का? कारण त्या गर्दीत एकही मैत्रीण नाही. तिच्याजवळ बसून, थोडा वेळ तिच्यासारखेच हळू आवाजात बोलणारे कोणी नाही. गडकऱ्यांनी सांत्वनाचा अभाव इतक्या तीव्रतेने दाखवला, म्हणूनच ती कविता टिकली, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या पवित्र शास्त्राकडे वळू. ईयोबाचा ग्रंथ आपण सहनशीलतेचा धडा म्हणून ऐकतो. प्रत्यक्षात त्याचा फार मोठा भाग मित्रांविषयी आहे. ईयोबाचे सात मुलगे आणि तीन मुली थोरल्या भावाच्या घरी जेवत असता वादळाने घर कोसळून एकाच वेळी मरण पावतात. तेव्हा अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र आपापल्या गावाहून, आपसांत ठरवून, त्याला भेटायला येतात. दुरून पाहिले तर तो ओळखूही येत नाही. ते रडतात, अंगावरची वस्त्रे फाडतात आणि त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. सात दिवस आणि सात रात्री. या काळात कोणीही एक अवाक्षर काढत नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसते.

या मित्रांना आपण ‘पोकळ सांत्वन करणारे’ म्हणून निकालात काढतो. तो अन्याय आहे. जगाच्या साहित्यात मैत्रीचे इतके सुंदर चित्र थोडेच असेल. त्यांनी काम सोडले, प्रवास केला, धुळीत बसले आणि गप्प राहिले. चूक झाली ती आठव्या दिवशी. ईयोबाने तोंड उघडले आणि आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. तो शाप ऐकून मित्र घाबरले, आणि घाबरलेला माणूस उपदेश करू लागतो. अलीफज सभ्यपणे सुरुवात करतो. बिल्दद तर सुचवतो, की तुझ्या मुलांनीच पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले. सोफर म्हणतो, की तुझ्या अपराधांच्या मानाने देवाने तुला कमीच शिक्षा दिली आहे. मेलेल्या लेकरांच्या बापाला त्याच्या तोंडावर हे ऐकवले जाते. यांतील एकही मित्र दुष्ट नाही. देव न्यायी आहे, ही आपली समजूत सुरक्षित ठेवायची आहे, आणि तिच्या रक्षणासाठी ते मित्राचा बळी देतात. दुःखी माणसाला दिलेल्या पुष्कळशा स्पष्टीकरणांचे मूळ येथे आहे. ती स्पष्टीकरणे त्याच्यासाठी नसतात. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भयासाठी असतात.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. देणाऱ्यानेच दिले आणि त्यानेच परत नेले, या अर्थाचे उद्गार ग्रंथाच्या आरंभी येतात, आणि आपण अंत्यविधीच्या वेळी ते सर्रास वापरतो. पण ते उद्गार कोणाचे? खुद्द ईयोबाचे. मुले गमावलेल्या माणसाने, जमिनीवर पडून, स्वतः उच्चारलेले. ते त्याचे समर्पण आहे. तेच शब्द भेटायला आलेल्या माणसाने, स्वतःची मुले घरी सुखरूप असताना, दुसऱ्याला ऐकवले, तर ते समर्पण राहत नाही. ती मागणी होते. शब्द एकच, पण तोंड बदलले की अर्थ बदलतो.

ग्रंथाचा शेवट आणखी शिकवणारा आहे. देव वावटळीतून बोलतो आणि मग अलीफजाला सांगतो, की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. ईयोब त्या मित्रांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्याची स्थिती पालटते. पण यापुढचे वाक्य आपण घाईने वाचून सोडून देतो. ईयोबाचे भाऊबहीण आणि सारे जुने ओळखीचे त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर भाकर खातात, त्याच्या दुःखाबद्दल त्याचे सांत्वन करतात आणि प्रत्येक जण काही पैसा व सोन्याचे एकेक वळे त्याला देतो. प्रत्यक्ष देव बोलून गेल्यानंतरचा हा प्रसंग आहे! देवाचे उत्तर मिळाले, तरी ईयोबाला माणसांची गरज उरलीच होती, आणि शास्त्राने ती गरज लाजिरवाणी मानली नाही. ज्याची श्रद्धा खरी त्याला कोणाच्या आधाराची गरज नसते, असे जे कधीकधी म्हटले जाते, त्याला याहून स्पष्ट उत्तर नाही.

त्या ओळीतील भाकरीकडेही पाहा. आमच्या खेड्यांत मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, आप्तेष्ट पिठले-भाकरी घेऊन येतात आणि आग्रहाने दोन घास खाऊ घालतात. ही रीत कोणत्याही एका धर्माची नाही. ईयोबाच्या तीन पंडित मित्रांना जे सुचले नाही, ते गावातल्या निरक्षर बाईला ठाऊक असते. दुःखाला काय उत्तर द्यावे हे तिला कळत नाही, आणि उत्तर द्यायचेच नसते हे तिला कळते. ती भाकरी आणते.

जुन्या करारातील रूथचा लहानसा ग्रंथ याच दृष्टीने वाचावा. नामीचा नवरा आणि दोन्ही मुलगे परदेशात, मवाबात, मरण पावले. बेथलेहेमात परतल्यावर गावच्या बायकांना ती सांगते, की मला माझ्या जुन्या नावाने हाक मारू नका. माझे आयुष्य कडू झाले आहे. मी भरल्या हाताने गेले होते आणि देवाने मला रिकाम्या हाताने परत आणले. हे ती बोलते तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी असते. रूथलाही नवऱ्याचे दुःख आहे. तिनेही आपला देश सोडला आहे. आणि सासू चारचौघींत म्हणते, की मी रिकामी आले. रूथ रागावत नाही. ‘मी आहे ना तुम्हांला?’ असेही म्हणत नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचायला जाते आणि संध्याकाळी जव व स्वतःच्या जेवणातून राखून ठेवलेले अन्न सासूपुढे ठेवते. मूल गमावलेल्या माणसाच्या सोबत्याला काही काळ नगण्य होऊन राहावे लागते. ‘माझ्या प्रेमाने हिचे दुःख अजून कसे गेले नाही?’ असा हिशेब जो करतो, त्याच्याने ही सोबत निभत नाही.

येथवर आपण ग्रंथांतील पात्रे पाहिली. परंतु मराठी जगात घडलेली एक खरी कथा या साऱ्याची कसोटी पाहते. ती म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांची.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, या जाणिवेने तिला वैद्यकीय शिक्षणाकडे वळवले, असे तिचे चरित्रकार मानतात. तिने अमेरिकेत शिकावे म्हणून गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. धर्मांतर केल्यास मदत होईल, असा त्या बाजूचा सूर निघाला, आणि जोशी पतिपत्नींना ते मान्य नव्हते. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता तो वाचला, आणि तिने आपण होऊन पत्र लिहिले.

त्यानंतर सुमारे तीन वर्षे ही पत्रे समुद्र ओलांडत राहिली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. बालविवाह, स्त्रियांचे आजार, हिंदू चालीरीती, अशा अनेक गोष्टींवर दोघी लिहीत. कलकत्त्याकडे असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. डोकेदुखी, ताप, धाप. मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. ती लागू पडली नाहीत, तरी पाठवली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी आपल्या अमेरिकाप्रयाणाविषयी जाहीर भाषण केले आणि लोकांच्या सहा प्रश्नांना उत्तरे दिली. अमेरिकेलाच का? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटी का? वाळीत टाकतील त्याचे काय? संकट आले तर? आजवर कोणी केले नाही ते तू का करतेस? समाजाने विचारलेल्या या सहा प्रश्नांत तिच्या दहा दिवसांच्या बाळाविषयीचा प्रश्न एकही नव्हता. समाजाला नियमभंगाची चिंता होती. ७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून निघाली आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचली. धक्क्यावर मावशी उभी होती.

कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंच्या बाळाविषयी कोणते सांत्वनपर शब्द उच्चारले, हे शोधण्यापेक्षा त्यांनी काय केले, ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. त्यांनी आपले घर दिले. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेण्यापूर्वीचा उन्हाळा आनंदीबाईंनी त्या घरात काढला. आणि त्या घरात आनंदीबाई हिंदूच राहिल्या. कार्पेंटरबाई श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. तरीही मैत्रीच्या मोबदल्यात त्यांनी धर्म मागितला नाही. आमच्या वाचकांनी यावर जरूर विचार करावा. ज्या मदतीला अट होती ती आनंदीबाईंच्या दारापर्यंत येऊन थांबली. ज्या मैत्रीला अट नव्हती ती आयुष्यभर, किंबहुना मृत्यूनंतरही, टिकली. ख्रिस्ताची साक्ष यांपैकी कोणी दिली?

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या मुलीने सात वर्षांनी बाळंतपणाच्या शास्त्रावर प्रबंध लिहावा, यात तिच्या शोकाचे काय झाले ते दिसते. तो नाहीसा झाला नाही; त्याला काम मिळाले. आणि ते काम करण्यासाठी जे अंगण लागते, ते एका मैत्रिणीने दिले. त्याच वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवण्यात आल्या, आणि कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत, पुरल्या. मूल गमावलेल्या मुलीची जी मावशी झाली, तिलाच शेवटी लेक गमावलेल्या आईची जागा घ्यावी लागली.

या जीवनावर चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट असे पुष्कळ झाले. कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ सालीच इंग्रजीत चरित्र लिहिले, आणि त्यात आनंदीबाईंच्या पत्रांना मानाचे स्थान आहे. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. पुढे अंजली कीर्तने यांनी मोठ्या परिश्रमाने ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथ सिद्ध केला. सामान्य मराठी वाचकाच्या मनात मात्र आनंदीबाईंची जी प्रतिमा आहे, ती श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने घडवलेली आहे. कादंबरी वाचनीय आहे आणि तिचे यश रास्त आहे. परंतु तिचा कणा पतिपत्नींचा संबंध हा आहे. नावच ते सांगते. हट्टी नवरा आणि त्याच्या हट्टातून घडलेली बायको, हे सूत्र इतके जोरकस आहे, की मावशी वाचकाच्या स्मरणात एक प्रेमळ यजमानीण म्हणून राहते. २०१९ सालच्या चित्रपटाचे नावही तेच. आम्हांस वाटते, की ‘आनंदी आणि मावशी’ अशी आणखी एक कथा मराठीत लिहिली जायची राहिली आहे. गोपाळरावांनी आनंदीला अभ्यासाला बसवले, हे खरे. पण तिचा शोक नि तिचा ध्यास यांना घर कोणी दिले, हा प्रश्न त्या दुसऱ्या कथेचा आहे. आमच्या साहित्याने स्त्रीच्या दुःखात नवरा, सासू, दैव यांना भरपूर जागा दिली. मैत्रिणीला फार थोडी दिली.

येथे कोणी विचारील, की मग श्रद्धेच्या शब्दांना काहीच किंमत नाही काय? तसे आमचे म्हणणे नाही. लाजराच्या मृत्यूनंतर प्रभू येशू बेथानीला आला, तो प्रसंग आठवावा. मार्था बोलत पुढे आली, तेव्हा त्याने तिच्याशी पुनरुत्थानाविषयी भाषण केले. मरिया पायांशी पडून रडली, तेव्हा त्याने भाषण केले नाही. तो स्वतः रडला. आपण काही क्षणांतच लाजराला उठवणार आहोत, हे ठाऊक असताना तो रडला. आशेचे शब्द आहेत आणि ते खरे आहेत, पण जो प्रश्न घेऊन येतो त्याच्यासाठी ते आहेत. जो केवळ अश्रू घेऊन येतो त्याला अश्रूच द्यावेत. दोन बहिणींत फरक करण्याइतके लक्ष प्रभूने दिले. आपण एकच वाक्य घेऊन सगळ्या घरांत जातो.

आपल्या धर्मसभेनेही या बाबतीत संयम शिकून घेतला आहे, हे आमच्या वाचकांना माहीत असावे. बाप्तिस्मा न होता मरण पावलेल्या बालकांविषयी ‘लिंबो’ची कल्पना पूर्वी शिकवली जात असे. तो धर्मसभेचा श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. तरी त्या कल्पनेने कित्येक आयांच्या काळजात काटा रुतवून ठेवला. १९८३ च्या धर्मसभा कायद्याने अशा बालकांच्या ख्रिस्ती अंत्यविधीस धर्मप्रांताधिकाऱ्यांच्या परवानगीने वाट ठेवली, जर आईबापांचा त्यांना बाप्तिस्मा देण्याचा मानस असेल. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने या बालकांना देवाच्या दयेवर सोपवले. आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाच्या दस्तऐवजाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे म्हटले. ‘आम्हांस निश्चित ठाऊक आहे’ याऐवजी ‘आम्ही आशा करतो’ असे म्हणणे ही ईशज्ञानाची माघार नाही. ईयोबाच्या मित्रांनी आठव्या दिवशी जे शहाणपण गमावले, त्याचाच तो पुनर्लाभ आहे. ज्या घरात अजूनही कोणी म्हातारी आपल्या बाप्तिस्मा न झालेल्या बाळासाठी मनातल्या मनात झुरत असेल, तिला हे कोणीतरी जवळ बसून सांगायला हवे. हेही सांत्वन आहे, आणि ते खरे आहे.

शेवटी क्रुसाजवळ जाऊ. पुत्राच्या मृत्यूची साक्षी असलेली माता तेथे उभी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मरणोन्मुख पुत्र तिला दुःखाचे कारण समजावून सांगत नाही. तिसऱ्या दिवसाची आठवणही करून देत नाही. तो तिला आपला मित्र देतो, आणि मित्राला आई देतो. त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. पुनरुत्थान पुढे यायचेच होते. पण शुक्रवारची रात्र आणि शनिवारचा सारा दिवस त्या मातेला कोणाच्या तरी घरी काढायचा होता, आणि तेवढ्यासाठी प्रभूने क्रुसावरून एका घराची सोय केली.

आमच्या धर्मग्रामांत दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी असा शनिवार येतो. अंत्यविधीला गर्दी होते. महिन्याच्या मिस्सेला निम्मी माणसे येतात. वर्षानंतर त्या बाळाचे नावही कोणी काढत नाही, कारण नाव काढले तर आई रडेल अशी आपल्याला भीती वाटते. ती एरवीही रडतच असते, फक्त एकटी. तिच्याकडे जाताना उत्तर घेऊन जाण्याची गरज नाही. भाकरी न्यावी, वेळ न्यावा, आणि बाळाचे नाव घ्यावे. सात दिवस गप्प बसण्याइतके प्रेम ज्याच्यापाशी आहे, त्याने आठव्या दिवशी काय बोलावे याची चिंता करू नये. त्याला बोलावेच लागणार नाही.